मेलेल्याची बायको कुठे गेली?

मेलेला माणूस हलला आणि अख्खं थेटर हसलं.

कपाशीच्या शेतात, सरीत उताणा पडलेला. पोटावर तीन वार, पांढरा सदरा लालभडक. कॅमेरा चेहऱ्यावरून सरकत हातावर आला, तेवढ्यात करंगळी थरथरली आणि मग गड्याने सरळ मनगटच झटकलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "आरे, जित्ता शे ना तो आजून!" पुढची पाच मिनिटं पडद्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. नंतर कळलं, रगत म्हणून साखरेच्या पाकात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी कालवली होती. शेतातल्या मुंग्यांना सिनेमातलं काही समजत नाही.

सिनेमा आपल्याच खान्देशातल्या पोरांनी केलेला. नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते त्या एका सिनेमापुरतं नाही, आणि पोरांच्या पोटावर पाय द्यायचीही इच्छा नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दोघांनी चातुर्मासात, मुहूर्त नसल्याने कॅमेरे कपाटात पडून असतात त्या दिवसांत, तो उरकला. ड्रोन लग्नाचाच. तलवारी शेरवानी भाड्याने देणाऱ्या दुकानातून आणलेल्या, नवरदेवाच्या हातात असतात त्या, मुठीला लाल गोंडा असलेल्या. एका मारामारीत तो गोंडा काढायचा राहून गेलाय. स्कॉर्पिओ कोणाच्या तरी मामाची. तिला ओरखडा पडू नये म्हणून गाडीजवळ एकही मारामारी नाही. जुन्या एकपडदा थेटरात सकाळचा एकच खेळ मिळाला. आम्ही साठ-सत्तर माणसं होतो. निम्मे कलाकारांचे नातेवाईक.

हसून झाल्यावर मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. बसस्टँडमागे एकाला भोसकतात आणि टोळी पळून जाते. इथे मोठ्या सिनेमात ढोल वाजले असते, पाऊस पडला असता. या पोरांकडे संगीताचे पैसे संपले होते. त्यामुळे नुसता माणूस. भिंतीला टेकून बसलेला, पोट धरून, पाणी मागतोय. एकदा, दोनदा. मग आवाज बसतो. कॅमेरा हलत नाही, बहुधा कॅमेरावाल्यालाही सुचलं नसेल. दीड-दोन मिनिटं असतील. थेटरात कोणी खोकलंसुद्धा नाही. मघाशी "जित्ता शे" म्हणून ओरडलेला पोरगा हातातलं वेफर्सचं पाकीट न चुरगळता तसंच धरून बसला होता.

एकाच सिनेमात, एकाच गर्दीपुढे, एक मरण खोटं ठरलं आणि दुसरं खरं. हिंसक सिनेमाने पोरं बिघडतात की नाही, यावर बोलताना आपण प्रेक्षकाला डोकं नाही असं धरून चालतो. मला वाटतं ते चूक आहे. रगत किती सांडलं हे प्रेक्षक मोजत नाही. वार लागला का, एवढंच तो बघतो.

मी जिल्हा कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावतो. पंचवीस वर्षं झाली. टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला, अर्ज तेच. आता खुनाच्या ३०२ ला १०३ म्हणायचं आणि खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ ला १०९, नवा कायदा आल्यामुळे, जुलै २०२४ पासून. बोटं मात्र अजून आधी ३०२ वरच जातात. सिनेमाबद्दल बोलायचा माझा अधिकार एवढाच की पडद्यावर जे संपतं, त्याच्या पुढचा भाग माझ्या टेबलावर येतो.

खेळ सुटल्यावर सगळे टपरीवर जमले. पोरांचं म्हणणं, हिरोची एन्ट्री कडक, फाइट कमी, गनचा आवाज फुसका. एक निवृत्त रेल्वेवाले काका भडकले होते, असले सिनेमे सरकारने बंदच केले पाहिजेत, पोरं हेच शिकतात. दोन्ही मतं मला पाठ होती, कुठल्याही मारधाडीच्या सिनेमानंतर ती ऐकू येतात. तिसरं मत एका बाईचं. तिचा मुलगा भाईच्या मागे हाताची घडी घालून उभ्या राहणाऱ्या चौघांपैकी एक होता, म्हणून ती आली होती. चहाची बशी खाली ठेवून तिने दिग्दर्शकाला विचारलं, "तो मरी गया. मंग त्यानी बायको कोठे गयी?"

खरंच. सिनेमाच्या सुरुवातीला ती बायको दिसते. नवऱ्याला कळण्याची भाकरी वाढते, ठेचा पुढे सरकवते, तो न जेवता उठतो. नवरा मेल्यावर मात्र ती नाहीच. दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. "काकू, तिला दोनच दिवसाचं मानधन होतं."

सगळे हसले, मीही हसलो. पण सिनेमाचं परीक्षण म्हणून त्या बाईच्या प्रश्नापुढे मी आजवर वाचलेलं बरंचसं फिकं आहे.

आठवड्याच्या आत एक निवेदन टाइप करायला माझ्याच टेबलावर आलं. मा. जिल्हाधिकारी यांना. विषय, सदर चित्रपटावर बंदी घालणेबाबत. मजकूर, खान्देशची बदनामी होते, संस्कृतीला धक्का बसतो, तरुण पिढी वाममार्गाला लागते. मी टाइप करून दिलं, पानाचे पैसे घेतले. धंदा धंद्याच्या जागी. पण 'बदनामी' हा शब्द टाइप करताना बोट अडलं, ते का अडलं हे सांगतो.

६ ऑक्टोबर २०१९ ला भुसावळात एका नगरसेवकासह पाच माणसं मारली गेली. मे २०२४ मध्ये त्याच शहरात गाडीत बसलेल्या दोघांवर गोळ्या झाडल्या, त्यातले एक माजी नगरसेवक. गावठी कट्टा कुठून येतो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही विचारा, चोपड्याच्या पलीकडे सातपुड्यात बोट दाखवेल. तिथल्या उमर्टी गावाचं नाव पेपरात इतक्यांदा आलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या आपल्या पोलिसालाच पळवून नेण्यापर्यंत मजल गेली होती. यातलं काहीही सिनेमा बघून झालेलं नाही. भांडणं जुनी होती, वर्चस्वाची होती, पैशाची होती. मग बदनामी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दोन पोरांनी केली?

आणि सिनेमाची नवलाई आपल्याला कोणी सांगू नये. भुसावळ हे रेल्वेइतकंच सिनेमाचंही जंक्शन. विदर्भ, मध्य प्रदेश, राजस्थान एवढ्या पसाऱ्यातल्या वितरकांची आणि थेटरवाल्यांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं मुख्य ऑफिस भुसावळला. रिळांच्या पेट्या रेल्वेने जायच्या तेव्हा कुठला सिनेमा कुठे चालेल याचा अंदाज इथली माणसं बांधायची.

बंदीवाल्यांना मी कोर्टातलीच एक गोष्ट सांगेन. नागपूर हायकोर्टात असताना न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एका निकालात कसोटी घालून दिली: लिहिलेल्याचा परिणाम मोजायचा तो समंजस आणि खंबीर माणसाच्या मापाने, ज्याला सगळीकडे धोकाच दिसतो अशा डळमळीत मनाच्या मापाने मोजायचा नाही. १९८८ मध्ये 'तमस' मालिका थांबवावी म्हणून अर्ज झाला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने हीच कसोटी पुढे केली आणि मालिका थांबली नाही. फाळणीची कत्तल घराघरात दूरदर्शनवर दिसली. देश बिघडला नाही, निदान त्या मालिकेमुळे तरी नाही.

पण मी दुसऱ्या टोकालाही जाणार नाही. 'सिनेमाने काही होत नाही' असं म्हणणारे बहुतेक सिनेमावालेच असतात. १९६१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा यांनी लहान मुलांसमोर मोठ्या माणसाला एका फुगीर बाहुल्याला झोडपायला लावलं. नंतर मुलांनी तो बाहुला तसाच झोडपला, शब्दसुद्धा तेच वापरून. हे खोटं नाही. दुसरीकडे डाल आणि डेलाविन्या या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९५ ते २००४ या काळातले अमेरिकेतले सिनेमे आणि गुन्हे ताडून पाहिले. त्यांना उलटंच दिसलं. मारधाडीच्या सिनेमाला गर्दी असलेल्या दिवशी मारामारीचे गुन्हे घटतात. त्यांनी दिलेलं कारण आपल्या कुठल्याही हवालदाराने सांगितलं असतं: ज्यांच्या हाताला खाज असते तीच पोरं तीन तास थेटरात बसतात, आणि तीन तास दारूपासून लांब राहतात.

म्हणजे थेटर त्यांना धरून ठेवतं. मोबाइल धरून ठेवत नाही. माझी भीती तिथे आहे.

या सिनेमाचं थेटरातलं आयुष्य एका सकाळचं. नंतर त्याचे तुकडे झाले. भाई गाडीतून उतरतो, चष्मा लावतो, मागे चौघं, खाली डायलॉग. पंधरा सेकंद. हा तुकडा आमच्या कोर्टाच्या आवारात मला तीन वेगवेगळ्या पोरांच्या फोनवर दिसला. पाणी मागत मरणाऱ्याचा तुकडा कोणीच काढला नाही. काढणार कोण? त्यावर नाचता येत नाही. सिनेमात निदान एका मरणाची किंमत होती, तुकड्यात नुसता रुबाब उरला. तलवारीने केक कापणारी पोरं सिनेमा बघून येत नाहीत, ती हा तुकडा बघून येतात. मग आर्म अ‍ॅक्ट ४/२५, महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)(३) च्या मनाईहुकमाचा भंग म्हणून १३५, आणि पोलीस ठाण्यात हात जोडून माफीचा दुसरा व्हिडिओ. माझ्याकडे त्यांची हमीपत्रं येतात. वय विचारलं की सतरा, अठरा, एकोणीस.

आणि आता पोरं सिनेमा लिहितानाच तुकड्याचा विचार करतात. त्या दिग्दर्शकाने टपरीवर मोकळेपणाने सांगितलं, आम्ही आधी दहा 'कट' ठरवले, मग त्यांच्यामध्ये गोष्ट भरली. लग्नाच्या व्हिडिओची सवय. हायलाइट आधी, बाकी नंतर. म्हणून बायकोला दोन दिवस आणि चष्म्याला चार.

माझं भांडण हिंसेशी नाहीच. ते हिशोबाशी आहे, आणि हा हिशोब मोठ्या पैशांचे सिनेमेही चुकवतात, उलट जास्तच. तिथे माणसं माशा मारल्यासारखी मरतात आणि पुढच्या दृश्यात पार्टी. १९९८ चा 'सत्या' आजही लोकांच्या तोंडी आहे. त्यात भिकू म्हात्रेला घर होतं, बायको होती, ती त्याच्या अंगावर ओरडायची. माणूस मेला तर कोणाच्या घरातून गेला हे माहीत होतं. नंतर आलेल्या शंभर नकलांनी बंदूक उचलली, घर सोडून दिलं.

खून झाल्यावर काय होतं ते मी सांगतो. पोरगा आत जातो. बाप येतो, धोतराच्या नाहीतर पँटच्या खिशातून घडी घातलेला सातबारा काढतो. जामीनदार लागतो, ऐपतीचा दाखला लागतो. कधी तीन एकर कोरडवाहू, कधी केळीचा तुकडा, त्याच्याच जोरावर पोराची तारीख. जामीनदार मिळाला नाही तर काका-मामांचे पाय धरणं. आई डबा घेऊन येते, डबा आत जात नाही, ती बाकावर बसून तो परत बांधते. गाडी येते, पोरगा उतरतो, दोन मिनिटं लांबून बघणं, साहेब रजेवर, पुढची तारीख. समोरच्या बाकावर मेलेल्याची माणसं. त्यांनाही तीच तारीख. पहिल्या वर्षी दोन्ही बाक एकमेकांकडे बघत नाहीत. तिसऱ्या वर्षी एकाच नळावर पाणी पितात. मेलेल्याची बायको कुठे गेली असं त्या बाईने विचारलं ना, ती इथे असते, बहुतेक वेळा कडेवर पोर घेऊन, आणि बहुतेक वेळा तिला कोणी सांगितलेलं नसतं की आज काही होणार नाही.

एवढ्या सगळ्याला सिनेमात एक पाटी असते: 'तीन वर्षांनंतर'.

काही जण म्हणतील, लोकांना हे बघायचं नसतं, लोक मजेसाठी येतात, गुंडाला शिट्टी मारतात. मारतात. कायद्याबाहेरच्या माणसाला शिट्टी मारणं आपल्याकडे सिनेमाने शिकवलेलं नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांवर उलटला, सरकारी खजिना लुटला. इंग्रजांच्या दप्तरी तो बंडखोर आणि लुटारू, सातपुड्यात तो नायक. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी क्रांतिकारकांनी लुटली, साडेपाच लाखांच्या वर रक्कम होती. धुळ्याकडची म्हातारी माणसं ती गोष्ट अशी सांगायची की जणू स्वतः बंदूक धरून उभी होती. पण त्या गोष्टींत 'कोणासाठी' हे पहिल्या वाक्यात यायचं. आमच्या सिनेमातल्या भाईला मी टपरीवर शोधत राहिलो, हा लढतोय कोणासाठी? उत्तर, 'एरियासाठी'. कुठला एरिया? त्याचंही नाव नाही.

ही मात्र माझी खरी तक्रार, आणि ती हिंसेबद्दलची नाहीच. खान्देशात बनलेल्या सिनेमातला भाई मुंबईची भाषा बोलतो. खोका, पेटी, सुपारी, गेम वाजवणे. आपल्याकडचं भांडण गिरणा नदीच्या वाळूत आहे. रात्री दोनला नदीत उतरणारे ट्रॅक्टर, डंपर, त्यांच्या पुढे दुचाकीवर टेहळणी करणारी पोरं, अडवायला गेलेल्या तलाठ्याच्या अंगावर घातलेली गाडी. गावात सगळ्यांना माहीत असतं डंपर कोणाचे, आणि सगळ्यांच्या घराच्या स्लॅबमध्ये तीच वाळू असते. माझ्याही. एवढी मोठी गोष्ट नदीत पडलेली असताना पोरांनी मुंबईची शिळी भाकरी गरम केली. ज्या टपरीवर आम्ही बोलत होतो तिच्यासमोरून तेवढ्या वेळात वाळूची दोन वाहनं गेली. कोणी मान वर केली नाही.

मग करायचं काय? बंदी नको, हे वर आलंच. पण जो कायदा आहे तो तरी दारावर पाळा. या सिनेमाला 'अ' प्रमाणपत्र होतं. माझ्या पुढच्या रांगेत चौदा-पंधराची चार पोरं होती, दप्तरासकट. 'अ' सिनेमाला अठराच्या आतल्याला सोडायला कायद्याने मनाई आहे, पण माझ्या पंचवीस वर्षांत त्या कलमाचा एकही कागद टेबलावर आलेला मला आठवत नाही. २०२४ च्या नियमांनी 'यूए' चे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग केले. ठीक आहे. पण ती फक्त आईबापांना दिलेली सूचना. आणि दारावर तिकीट फाडणाऱ्याला 'अ' च बघायचा नसेल तर सोळाचं काय घेऊन बसलात? निवेदन देणाऱ्यांनी कलेक्टर कचेरीत जाण्यापेक्षा एक दिवस त्या दारावर उभं राहावं. हे मी त्यांना म्हटलंही. त्यांनी निवेदनाच्या आणखी दोन प्रती मागितल्या.

परवा तो मेलेला आला. कपाशीच्या शेतातला, हाललेला. पोलीस भरतीची तयारी करतोय, कसलंसं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी विचारलं, "का रे, मेल्यावर हात का हालवला?" तो म्हणाला, "भो, मुंग्या व्हत्यात. आजून खाजस." बाही वर करून त्याने मनगटावरचे लाल ठिपके दाखवले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, पुढच्या सिनेमात कोर्टाचा सीन टाकायचं चाललंय, त्या काकू बोलल्या तेव्हापासून दिग्दर्शकाच्या डोक्यातून जात नाही. तुमचं टेबल एक रविवार मिळेल का, आणि जामिनाला साधारण किती वेळ लागतो?

मी त्या वेळी ज्याचा अर्ज टाइप करत होतो त्याची फाइल समोरच होती. म्हटलं, याला अकरा महिने झाले.

तो थोडा वेळ बाकाकडे बघत बसला. तिथे एक बाई डबा बांधत होती.

"अकरा महिने," तो म्हणाला, "आन् आपल्याकडे सीन दोन मिनिटांचा. कसं दाखवायचं?"

मी त्याचं वय आणि पत्ता विचारून घेतला आणि टाइप करू लागलो.